शांता हे म्हातारं नाव आहे का?

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. मी पणजीला नोकरी करते, सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे. मुलगी अडीच महिन्यांची झाली. बारशाला नणंदेने तिच्या कानात ‘शांता’ हे नाव सांगितलं. सासूबाईंनी तिला आधीच पढवून ठेवलं होतं, आम्हा दोघांना पत्ताच नव्हता. आमची कुळदेवी शांतादुर्गा, म्हणून हे नाव, असं त्यांचं म्हणणं. (सासूबाईंचं माहेरचं नावही शांताच होतं, लग्नात बदलून स्मिता केलं.) मी दिवस राहिल्यापासून ‘अन्वी’ ठरवून बसले होते. माझी बहीण म्हणते, शांता हे भांडी घासायला येणाऱ्या बाईचं नाव, शाळेत मुलं ‘शांताबाई’चं गाणं म्हणून चिडवतील. नावांच्या एका वेबसाइटवर मी बघितलं, तिथे शांताचा आलेख तळाला आडवा पडलाय आणि अन्वीचा वर चढत चाललाय. नवरा म्हणतो, दोघींचं मन राहू दे, ‘शान्वी’ ठेवूया. जन्मदाखल्यावर अजून नाव घातलेलं नाही. सासूबाई वाद घालत नाहीत, पण बाळाला मांडीवर घेऊन दिवसभर शांता, शांता करत असतात. मी काय करू?
– एक आई, डिचोली

उत्तर:

आधी त्या आलेखाचा निकाल लावते, कारण तुमच्या पत्रात सासूबाईंपेक्षा तोच जास्त धाक घालताना दिसतो.

नावांच्या वेबसाइटवरचे असले आलेख दोन तऱ्हेचे असतात. एका तऱ्हेत त्या साइटवर येणाऱ्यांनी कुठलं नाव किती वेळा उघडून पाहिलं, त्याची मोजणी असते. तुम्ही अन्वी पाचदा शोधलंत की त्या चढत्या रेघेत तुमचाही हातभार लागला. दुसऱ्या तऱ्हेत सरकारी आकडे असतात, पण ते बहुतेकदा अमेरिकेचे. तिथलं सोशल सिक्युरिटी खातं १८८० पासूनची बाळांची नावं वर्षवार जाहीर करतं, आणि एका वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना मिळालेलं नाव त्या यादीत येतच नाही. म्हणजे त्या आलेखात अन्वी चढत असेल, तर ती न्यू जर्सीतल्या आणि टेक्सासमधल्या आपल्या लोकांच्या घरात चढते आहे. डिचोलीच्या बालवाडीत कोण बसलंय, हे त्या रेघेला ठाऊक नाही.

तरी ती अमेरिकेची यादी बघण्यासारखी आहे. एवढ्या वर्षांची सलग नोंद असल्यामुळे नावाचं आयुष्य कसं जातं ते तिथे स्वच्छ दिसतं. मेरी हे नाव तिथे पिढ्यान्‌पिढ्या पहिलं होतं. १९४७ साली लिंडाने त्याला खाली ओढलं आणि १९५२ पर्यंत पहिली जागा सोडली नाही. त्याच सुमारास लिंडा नावाचं एक गाणं रेडिओवर गाजत होतं. आज तिथे लिंडा म्हटलं की आजी डोळ्यांसमोर येते. १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षं जेनिफर पहिली होती. त्या जेनिफर आता पन्नाशीच्या आसपास आहेत आणि त्यांचं वय विचारावं लागत नाही, नावच सांगतं. तिसरं नाव तुमच्या कामाचं. एमा. १८८० साली एमा तिथे तिसऱ्या क्रमांकावर होती. मग घसरत घसरत पार खाली गेली, पणजीचं नाव झाली, आणि २००८ साली एकदम पहिली आली. पुढे २०१४ ते २०१८ ही पाच वर्षंही पहिली. ज्या बायकांनी आपल्या मुलींना एमा नाव दिलं, त्यांच्या आयांना ते नाव कुबट वाटलं असणार.

यातलं गमक असं की नाव जुनं वाटतं ते ते नाव धारण करणारी माणसं आपल्याला कुठे भेटतात यावरून. आपल्या आईच्या मैत्रिणी, शाळेतल्या मारकुट्या बाई, शेजारच्या खवट काकू, यांची नावं आपण मुलीला देत नाही. आजीचं नाव देताना जरा थबकतो. पणजीचं नाव मात्र आपल्याला कुणाची चीड आणत नाही, कारण त्या नावाच्या हयात बाईशी आपलं कधी भांडण झालेलं नसतं. म्हणून तर संगीता, सुनीता, वंदना, वर्षा ही नावं आज कुणी ठेवत नाही आणि रमा, उमा, राधा, मीरा, सई, रेवा धडाधड परत येताहेत. वैशाली, रूपाली, दीपाली, सोनाली यांची पाळी अजून लांब आहे. तुमचं स्वतःचं नाव तुम्ही पत्रात दिलेलं नाही, पण वयावरून प्रियांका, पूजा, स्नेहा, सायली यांच्या आसपासचं असेल, असा माझा कयास. चुकला तर हसून सोडून द्या.

आपल्याकडे वर्षवार यादी नसली तरी एक चांगलं साधन सगळ्यांच्या हाताशी आहे, ते म्हणजे मतदार यादी. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आपल्या भागाची यादी मिळते. पानावर चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय. आपल्या वाड्याची यादी उघडा आणि बायकांची नावं वयासकट वाचत जा. ऐंशीच्या पुढे सुलोचना, सुमती, मालती, शालिनी, विमल, कुसुम. पासष्टच्या आसपास मंगला, प्रमिला, शैलजा. पन्नाशीत संगीता आणि तिच्या मैत्रिणी. तिशीत पूजा, स्नेहा, नेहा. अगदी तळाला, नुकत्या मतदार झालेल्या पोरी, साक्षी, सिद्धी, सानिका. त्याखालच्यांसाठी बालवाडीच्या दारात मुलांना सोडायच्या वेळी पाच मिनिटं उभ्या राहा. तिथे अन्वी, तन्वी, शान्वी, आद्या, आराध्या, स्वरा, मायरा आणि कियारा यांना हाका मारणाऱ्या आया भेटतील. आराध्या तर कुठून आलं तेही सगळ्यांना माहीत आहे. २०११ च्या नोव्हेंबरात बच्चन कुटुंबात मुलगी झाली, पुढच्या वर्षी तिचं नाव बाहेर आलं, आणि गावोगावच्या बारशांना नाव शोधण्याचा त्रास उरला नाही.

पण मतदार यादी वाचताना एक गफलत होते, आणि ती तुमच्या घराशी फार जवळची आहे. त्या यादीतली म्हाताऱ्या बायकांची नावं बहुतेक त्यांच्या लग्नातली आहेत. १९४० साली जन्मलेली सुभद्रा १९६२ साली तांदळाच्या ताटात अंगठीने ‘सुषमा’ लिहिली गेली की यादीत ती सुषमाच दिसणार. म्हणजे ते नाव तिच्या जन्माच्या काळातल्या आवडीचं नाही, तिच्या लग्नाच्या काळातल्या आवडीचं आहे, आणि तेही सासरच्यांच्या. आईबापांनी ठेवलेलं देवीचं, नदीचं किंवा आजीचं नाव पुसायचं आणि त्या साली जे नाजूक, नवं वाटत असेल ते लावायचं, असा हा व्यवहार दोन-तीन पिढ्या चालला. गाजलेल्या माणसांतही तो दिसतो. बांदोड्याची दुर्गा केळेकर १९३२ साली केशवराव भोळ्यांशी लग्न करून ज्योत्स्ना भोळे झाली आणि महाराष्ट्राने तिला त्याच नावाने डोक्यावर घेतलं. दुर्गा जुनं, ज्योत्स्ना नवं, असा तो काळ. आता उलटं झालंय. ज्योत्स्ना म्हटलं की मावशी आठवते, आणि दुर्गा हे नाव तरुण आया पुन्हा आवडीने ठेवताहेत.

गाण्यातल्याच आपल्या बायका घ्या. फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाई १८९२ च्या, कुर्डीच्या मोगूबाई १९०४ च्या. केसर, मोगू, अशी वासाची आणि फुलांची नावं तेव्हा घराघरांत होती. मोगूबाईंनी मुलीचं नाव ठेवलं किशोरी. एका पिढीत ‘बाई’ गळून पडली आणि नाव तीन अक्षरांचं, हलकं झालं. मंगेशीच्या दीनानाथांच्या थोरल्या मुलीचं जन्मनाव हेमा होतं, पुढे वडिलांच्या नाटकातल्या लतिका या पात्रावरून लता झालं. त्या लताने स्वतःच्या नावाचं काय केलं ते वेगळं सांगायला नको. १९७३ साली गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झालेल्या ताई म्हणजे शशिकला. शशिकला, चंद्रकला, हेही एका विशिष्ट काळाचंच वळण.

आता शांता. हे नाव जुनं आहे ते नेमकं किती? प्रभात फिल्म कंपनीच्या १९३० च्या दशकातल्या दोन गाजलेल्या नायिका आठवा: शांता आपटे आणि शांता हुबळीकर. कवयित्री शांता शेळके १९२२ च्या, आत्मकथा लिहिणाऱ्या शांताबाई कांबळे १९२३ च्या. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हे नाव आजच्या अन्वीसारखंच होतं, पडद्यावर शोभेल असं. पन्नास-साठच्या दशकापर्यंत त्याची झळाळी ओसरली. तुमच्या सासूबाईंचा जन्म त्या उताराच्या काळातला असावा, आणि त्यांना ते नाव मिळालं ते फॅशनमुळे नव्हे, देवीमुळे. गोव्यात शांता पुरती कधीच गेली नाही, कारण कवळ्याला, फातर्प्याला, धारगळला ती बसलेली आहे आणि फोंडा-पणजी बसच्या काचेवर तिचं नाव रंगवलेलं आहे. पुण्यात किंवा नाशकात शांता म्हणजे फक्त एका पिढीची बाई. आपल्याकडे त्या नावाला दुसरा आधार आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: आज शांता म्हातारं नाव आहे. तुमची मुलगी दहावीला बसेल तेव्हा ते नसेल. त्या नावाच्या बहुतेक बायका तोवर फोटोत गेलेल्या असतील, आणि वर्गात एकच शांता असेल. सगळीच जुनी नावं परत येत नाहीत, हेही सांगते. द्वारका, गोदावरी, भागीरथी यांना अजून कुणी बोलावत नाही, कारण आजच्या कानाला दोन अक्षरं, मऊ व्यंजनं आणि शेवटी ‘आ’ किंवा ‘ई’ लागतो. शांता त्या मापात बसते. मी पैज लावणार नाही, पण रमा आणि उमा ज्या दारातून परत आल्या ते दार शांताला बंद नाही.

उलट अन्वीचं काय होईल? अन्वी नाव गोड आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आणखी तीस वर्षांनी अन्वी, तन्वी, शान्वी, आन्या ही नावं ऐकली की लोक वर्ष सांगतील, जसं आपण सोनाली, रूपाली ऐकून सांगतो. ज्या नावाची लाट असते त्याच नावावर सालाचा शिक्का सगळ्यांत गडद बसतो. तो बसला म्हणून काही बिघडत नाही. सोनाल्यांचं आयुष्य काही वाईट गेलं नाही. फक्त ‘अन्वी कायम ताजं राहील आणि शांता कायम शिळं’ या समजुतीवर निर्णय घेऊ नका. तेवढं एक समाधान आहे की आता लाटाही पूर्वीसारख्या उंच उठत नाहीत. त्याच अमेरिकेच्या यादीत १८८० साली शंभर मुलींमागे सुमारे सात मेरी होत्या, आणि आज पहिल्या क्रमांकाचं नावही शंभरात एकीला मिळत नाही. नावं इतकी वाढलीत की वर्गात अगदी तेच नाव भेटण्यापेक्षा यमक जुळणारी चार नावं भेटण्याचा संभव जास्त.

शान्वीबद्दल एवढंच सांगते की नवऱ्याला ही सूचना मागे घ्यायला लावा. दोन नावं मिक्सरमध्ये घालून तिसरं काढलं की सासूबाईंना शांता मिळत नाही, तुम्हाला अन्वी मिळत नाही, आणि मुलीला आयुष्यभर ‘म्हणजे काय?’ या प्रश्नाचं उत्तर देत फिरावं लागतं. शांतादुर्गेची कथा तुम्हाला ठाऊक असेल. शिव आणि विष्णू हातघाईवर आले, तेव्हा देवी दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि दोघांचे हात धरले. तुमच्या घरात हे काम नवऱ्याचं आहे. तो मध्ये उभा राहायचं सोडून नावांची भेसळ करत बसलाय.

बहिणीच्या बोलण्यावर मात्र मला जरा रागानेच लिहावंसं वाटतं. ‘भांडी घासायला येणाऱ्या बाईचं नाव’ हे शांताला कसं चिकटलं? शिकल्या-सवरल्या घरांनी नवी नावं घेतली, जुनी खाली सोडली, कष्टकरी घरांत ती आणखी एक-दोन पिढ्या टिकली. मग विनोदी नाटकांत, मालिकांत, मोबाइलवरच्या चुटक्यांत मोलकरणीला कांताबाई नाहीतर शांताबाई म्हणायची रीत पडली. नाव उतरलं ते वयाने कमी आणि या टवाळीने जास्त. मडगावच्या बाजारात भाजी घेऊन बसणारी शांता आणि शांता शेळके यांच्या नावात एका अक्षराचा फरक नाही. बहिणीला हे नाव नको असेल तर तिने ते कानाला रुचत नाही म्हणावं. मोलकरणीचं आहे म्हणून नको म्हणणाऱ्या माणसाला मी नावाच्या चर्चेतून उठवलं असतं.

गाण्याची भीती तर सोडूनच द्या. ते ‘शांताबाई’ २०१५ च्या सुमारास वरातीत आणि गणपतीत वाजून वाजून जुनं झालं. तेव्हा त्यावर नाचणारी पोरं आता कॉलेजात किंवा नोकरीला आहेत. तुमची मुलगी शाळेत जाईल तेव्हा तिच्या वर्गातल्या मुलांना ते गाणं माहीत असण्याचं काही कारण नाही. मुलं चिडवतात हे खरं. पण अन्वीलाही चिडवतील, त्यांना यमक शोधायला अर्धा मिनिट पुरतो.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे. सासूबाईंचं माहेरचं नाव शांता, लग्नात स्मिता झालं. हे वाक्य मी परत परत वाचलं. वीस-बावीस वर्षं ज्या नावाने आईने हाक मारली, शाळेच्या हजेरीत जे नाव होतं, ते एका दिवशी ताटातल्या तांदळात पुसलं गेलं, आणि ते पुसताना त्यांना कुणी विचारलं नसणार. तेव्हाच्या सासरच्यांना शांता जुनाट वाटलं, स्मिता नवं. म्हणजे आज तुम्ही ज्या कारणाने शांता नको म्हणता, अगदी त्याच कारणाने त्यांचं नाव गेलं. त्या देवीचं नाव पुढे करतात, आणि ते खोटं नाही. पण आपलंच नाव नातीला द्या, असं त्या उघड म्हणू शकत नाहीत. आपल्याकडे हयात माणसाचं नाव मुलाला देत नाहीत, देतात ते गेलेल्यांचं. शिवाय सुनेने ते नाव घेऊन नातीला दटावायचं कसं, हाही प्रश्न असतो. इथे ते नाव तर अधिकृतपणे कधीच गेलेलं आहे, त्यामुळे त्यांना एक वाट सापडली आहे. हा माझा तर्क झाला. पण दिवसभर मांडीवर घेऊन शांता, शांता करणाऱ्या बाईला देवी आठवते आहे की आणखी कुणी, ते तुम्ही घरात बसून माझ्यापेक्षा बरं ओळखाल.

त्यांना विचारा. नावाचा वाद मिटवायला म्हणून नको, नुसतं विचारा: माहेरी तुम्हाला कोण काय हाक मारायचं, शाळेत किती शांता होत्या, लग्नात नाव बदललं तेव्हा काय वाटलं. बाळाला तेल लावताना हे बोलणं सहज निघतं. त्या सांगतील त्याने तुमचा निर्णय बदलेलच असं नाही, आणि बदललाच पाहिजे असंही मी म्हणत नाही.

कारण एक गोष्ट मी त्यांच्या बाजूने बोलणार नाही. तुम्हा दोघांना न सांगता नणंदेकरवी कानात नाव सांगून टाकणं, ही दांडगाई झाली. नाव ठेवण्याचा पहिला मान आईबापाचा. ज्यांचं नाव एकदा दुसऱ्यांनी परस्पर ठरवलं, त्यांनीच तुमच्या मुलीचं नाव परस्पर ठरवलं. हे त्यांच्या मुलाने त्यांना शांतपणे सांगायला हवं. तुम्ही सांगितलंत तर त्याची सासू-सून होईल.

पाळण्यातलं एक आणि कागदावरचं एक, ही वाट तुम्हाला बायाबापड्या सुचवतील. ती जुनी आणि चालणारी आहे. राशीचं नाव वेगळं, हाकेचं वेगळं, शाळेतलं तिसरं, असं वाढलेले लोक आपल्या घराघरांत आहेत. पण तुमच्या घरात ही वाट निघाली तर मला धोका दिसतो तो असा की घरात शांता आणि कागदावर अन्वी अशा दोन फळ्या पडतील, आणि मुलीला पाच वर्षांची होण्याआधीच कळेल की कुठल्या नावाला ओ दिली की कोण खूश होतं. दोन्ही ठेवायची असतील तर दोघींनी दोन्ही नावांनी हाक मारायची, एवढं आधी ठरवा.

मला विचारलंत म्हणून सांगते, मी कागदावर शांता घातलं असतं आणि घरात अन्वी म्हटलं असतं. कागद शंभर वर्षं टिकतो, आणि टिकाऊ नाव कागदावर बरं. हाकेचं नाव तसंही बदलत जातं, अन्वीची अनू होईल, अनूची बाय होईल. पण हे माझं मत आहे, मूल तुमचं. एक करून बघा. दोन दिवस तुम्ही स्वतः तिला शांता म्हणा, एकट्या असताना, कुणी ऐकत नसताना. दाराशी उभं राहून ‘शांता, जेवायला ये गो’ म्हणून बघा. ओठांवर ते नाव आखडत असेल, प्रत्येक वेळी मनात सासूबाई उभ्या राहत असतील, तर कितीही सुंदर असलं तरी ते नाव ठेवू नका. रोज हाक तुम्ही मारणार आहात. मग अन्वीच ठेवा आणि सासूबाईंना कारण खरं सांगा. जुनं आहे हे कारण देऊ नका, ते त्यांनी एकदा ऐकलेलं आहे.

घाई नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, ती तुम्ही केलेली दिसते. नोंदीत नाव नंतर घालता येतं. नोंदणीपासून बारा महिन्यांत ते फी न भरता होतं, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मूल जिथे जन्मलं तिथल्या पंचायतीत किंवा पालिकेत नोंद असते, तिथेच जायचं. एकदा घातलेलं नाव बदलायचं म्हटलं तर मात्र गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे. अर्ज, जाहीर सूचना, हरकती, सगळं करत बसावं लागतं. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे ‘पुढे शाळेत दुरुस्त करू’ हा जुना उपाय आता विसरा.

इंग्रजी स्पेलिंग आधी कागदावर लिहून न्या आणि खिडकीवरच्या कारकुनाला तेच अक्षरशः उतरवायला सांगा. शांता ठरलं तर जास्तच जपा. पोर्तुगीज काळातल्या दप्तरांत आपल्या पणज्यांचा ‘श’ एक्सने लिहिलेला आहे, पुढे कुणी तो एस-एचने लिहिला, कुणी ‘ता’मध्ये एक जादा एच घातला, आणि आज वारशाच्या कामात एकाच बाईची तीन स्पेलिंगं घेऊन लोक वकिलाकडे बसलेले असतात. तुमच्या आणि नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंगही आधारवर आहे तसंच त्या दाखल्यात आलंय का बघा. आणि त्या दिवशी नवऱ्याला सोबत न्या, नुसती सही करायला नव्हे.